ज्यांच्याकडून इतके जण शिकले, ते विझ जोन्स प्रसिद्ध का झाले नाहीत?

एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, विझ जोन्स या ब्रिटिश गिटारवादकाचे निधन झाले. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणाच्या वाचनात आली नसेल, आणि ज्यांच्या आली त्यांना ती बुचकळ्यात टाकणारी वाटली असेल. एरिक क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स या जगप्रसिद्ध रॉक गिटारवादकांवर ज्यांच्या वादनाचा संस्कार झाला, ज्यांचे गाणे अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गायले, त्या माणसाचे नाव संगीताची चांगली जाण असलेल्या लोकांनीही ऐकलेले नसावे, हे कसे काय?

'उपेक्षित कलावंत' असे म्हणून हळहळणे हे याचे सर्वात सोपे उत्तर आहे. ते मला पुरेसे वाटत नाही. जोन्स यांची सहा दशकांहून अधिक लांबीची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर ते जे वाजवत होते ते नेमके काय होते, ते कोणत्या खोलीत वाजवत होते आणि वाजवण्याच्या ढंगावर कायद्याने मालकी सांगता येते का, या तिन्ही गोष्टींची थोडी माहिती हवी. ती एकदा घेतली की या कारकीर्दीतले कोडे बरेचसे सुटते.

आधी ब्लूजविषयी

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, गुलामगिरी संपल्यानंतरच्या काही दशकांत, कृष्णवर्णीय शेतमजूर आणि कामगार यांच्यात घडलेले गाणे आहे. त्याचा सर्वात रुळलेला साचा आपल्या कानांना अवघड जाऊ नये, कारण तो आवर्तनाचा आहे. चार मात्रांचा एक खंड आणि असे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. गाण्याची पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ चार खंडांची असते, पण शब्द साधारण पहिल्या दोन खंडांतच संपतात. उरलेल्या जागेत गिटार बोलते.

साथीच्या स्वरसमूहांचा प्रवासही ठरलेला असतो. पहिले चार खंड षड्जावर, दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन परत षड्जावर. हे झाले की आवर्तन पुन्हा सुरू होते. इतक्या छोट्या चौकटीत शेकडो गाणी बसतात, याचे नवल वाटायला नको. ओवीची चौकटही छोटीच असते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ब्लूजमधला गंधार कोमलही नसतो आणि पुरता शुद्धही नसतो, तो दोहोंच्या मधे कुठेतरी लागतो. पेटीवर तो निघत नाही, कारण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नसते. गिटारवर मात्र डाव्या हाताच्या बोटाने तार किंचित आडवी ढकलली की तो सापडतो. सतारीवरची मींड ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल.

एका गिटारमध्ये दोन वादक

जोन्स यांचे वाद्य विजेवर चालणारे नव्हते. पोकळ लाकडी पेटीची, धातूच्या सहा तारा असलेली साधी गिटार, जिला अकूस्टिक गिटार म्हणतात, ती ते वाजवत. एपिफोन कंपनीचे 'टेक्सन' हे मॉडेल त्यांच्या हातात वर्षानुवर्षे राहिले. या एकट्या गिटारवर त्यांना गाण्याची साथ, ताल आणि मधल्या जागा भरणारी सुरावट हे सगळे करायचे असे, आणि त्यासाठी त्यांनी जी पद्धत आत्मसात केली तिला फिंगरपिकिंग म्हणतात. पिक म्हणजे प्लॅस्टिकची छोटी चकती. ती हातात धरून सगळ्या तारा एकदम छेडण्याऐवजी उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटांना वेगवेगळी कामे वाटून देणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

हे कामवाटप तबल्याच्या जोडीवरून चटकन समजते. अंगठा म्हणजे डग्गा आणि तर्जनी, मधले बोट, अनामिका ही दायाँ. अंगठा जाड तारांवर खर्जाचा ठोका देत राहतो आणि बोटे बारीक तारांवर सुरावट काढतात. फरक इतकाच, की इथे दोन्ही कामे एकाच हाताने करायची असतात.

थोडे जवळून पाहू. गिटारची सर्वात जाड तार ई या स्वरात लावलेली असते. गाणे ई स्वरात, म्हणजे ई हा षड्ज धरून घेतले, तर खर्जाचा षड्ज मोकळ्या तारेवरच मिळतो आणि त्यासाठी डाव्या हाताचे एकही बोट खर्ची पडत नाही. आता उजव्या अंगठ्याने दर मात्रेला ती तार छेडायची. हाताचा पंजा मात्र घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवून ठेवायचा, म्हणजे तारेचा नाद लांबत नाही आणि 'थड्‌, थड्‌, थड्‌, थड्‌' असा दबका ठोका मिळतो. बिग बिल ब्रून्झी या अमेरिकन वादकाची ही खास लकब होती, आणि जोन्स ज्यांना पाहून घडले त्यांच्यात ब्रून्झी अग्रभागी होते. दुसऱ्या एका पद्धतीत अंगठा एकाच तारेवर न थांबता दोन जाड तारांमध्ये आळीपाळीने झुलतो. त्यामुळे ठेका चालत्या पावलांसारखा वाटतो.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचण पुढेच आहे. अंगठा ठोक्यावर राहतो, बोटे मात्र पुष्कळदा दोन ठोक्यांच्या मधे पडतात. नवशिक्याचा अंगठा लगेच बोटांच्या मागे धावतो आणि ठेका कोसळतो. अंगठा इतका अंगवळणी पडावा लागतो, की वाजवणाऱ्याला त्याचे भान राहू नये. मी स्वतः काही महिने हा प्रयत्न करून सोडून दिला आहे, त्यामुळे यापुढे मी जे लिहितो आहे ते श्रोता म्हणून.

ज्यांना हे कानांनी पडताळून पाहायचे असेल त्यांनी क्लॅप्टन यांच्या १९९२ च्या 'अनप्लग्ड' अल्बममधले 'हे हे' काढावे. ती रचना ब्रून्झी यांची आहे. पहिल्या काही क्षणांत खाली चाललेला ठोका आणि वर खेळणारी सुरावट वेगवेगळ्या ऐकू येतात. ही दोन माणसांची कामे वाटतात, पण ती एकाच हाताने करता येतात.

हा अंगठा समुद्र ओलांडून आला कसा

विझ जोन्स यांचे खरे नाव रेमंड रोनाल्ड जोन्स. जन्म २५ एप्रिल १९३९ चा, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमधल्या थॉर्न्टन हीथ इथला. लहानपणी त्यांना जादूचे प्रयोग करण्याचा नाद होता, म्हणून आईने एका चित्रकथेतल्या पात्रावरून त्यांना 'विझी' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पुढे 'विझ' होऊन टिकले. १९५७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी 'रँग्लर्स' नावाचा वाद्यवृंद उभा केला.

तो काळ ब्रिटनमध्ये स्किफलच्या, म्हणजे घरगुती वाद्यांवर वाजवायच्या सोप्या गाण्यांच्या, लाटेचा होता. लॉनी डॉनेगन यांच्या एका ध्वनिमुद्रिकेने १९५६ मध्ये खळबळ उडवली आणि गल्लोगल्ली मुलांनी वाद्यवृंद काढले. स्वस्तातली एखादी गिटार, कपडे घासायचा खाचांचा पत्रा हे तालवाद्य, आणि चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्याला झाडूचा दांडा नि दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य. संगीत शिकलेले असण्याची अट नाही आणि पैशांचीही फारशी गरज नाही. पुढे जगभर गाजलेल्या कितीतरी ब्रिटिश वादकांनी या खोक्या-पत्र्यांपासूनच सुरुवात केली.

पण मूळ ब्लूज वाजवणारे लोक प्रत्यक्ष पाहायला मिळणे अवघड होते. १९३५ पासून सुमारे वीस वर्षे अमेरिकन वाद्यवृंदांना ब्रिटनमध्ये कार्यक्रम करायला परवाने जवळजवळ मिळतच नव्हते, कारण दोन्ही देशांतल्या वादकांच्या संघटनांचा परस्परांशी झगडा होता. एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांना मात्र काही वेळा त्यातून वाट मिळे. या फटीतून ब्रून्झी १९५१ मध्ये लंडनला पोचले. इथे एक गंमत आहे. शिकागोत ते पियानो, बास आणि ड्रम यांच्या साथीने, विजेच्या गिटारवरही वाजवणारे शहरी कलावंत होते. युरोपातल्या श्रोत्यांना मात्र शेतातून नुकताच उठून आलेला, एकटा, लाकडी गिटार घेतलेला गायक हवा होता. ब्रून्झींनी तो दिला. ब्रिटनमधल्या एका पिढीने अस्सल ब्लूज म्हणून जे डोळ्यांत साठवले ते बऱ्याच अंशी असे, श्रोत्यांच्या अपेक्षेला दिलेले उत्तर होते. १९५८ मध्ये शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स विजेची गिटार घेऊन इंग्लंडमध्ये आले तेव्हा काही श्रोत्यांना तो आवाज असह्य झाला. पाच वर्षांनी ते समजूतदारपणे लाकडी गिटार घेऊन आले, तर तोवर श्रोत्यांना विजेची हवी होती.

जोन्स यांचे शिक्षण झाले ते सोहोमधल्या वॉर्डर स्ट्रीटवरच्या 'राउंडहाउस' या पबच्या वरच्या मजल्यावर. सिरिल डेव्हिस आणि ॲलेक्सिस कॉर्नर तिथे ब्लूजचा क्लब चालवत. ब्रून्झी, मडी वॉटर्स, रॅम्बलिंग जॅक एलियट यांना जोन्स यांनी तिथे हाताच्या अंतरावरून पाहिले. हे पाहणे महत्त्वाचे आहे, कारण ही विद्या स्वरलिपीत उतरवलेली नव्हती आणि तिचे शिकवणी वर्गही नव्हते. ध्वनिमुद्रिकेतून स्वर कळतात, पण कोणता स्वर अंगठ्याचा आणि कोणता बोटाचा ते कळत नाही. पंजा घोडीवर टेकवला आहे की नाही हे समोर बसलेल्यालाच दिसते. गुरूच्या समोर बसून तालीम घेण्याची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मात्र तिथे गुरू एखाद्या रात्रीपुरता येई आणि पुन्हा कधी भेटेल याचा भरवसा नसे.

रस्त्यावरची वर्षे

१९६० मध्ये बीबीसीच्या 'टुनाइट' या कार्यक्रमासाठी ॲलन व्हिकर हे वार्ताहर कॉर्नवॉलमधल्या न्यूकी या समुद्रकाठच्या गावी गेले. केस वाढवलेली, काम न करता गिटार वाजवत हिंडणारी तरुण मंडळी तिथे जमली होती आणि गावातले पबमालक त्यांना आत घ्यायला तयार नव्हते. व्हिकर त्यांना अंघोळीबद्दल आणि केसांबद्दल प्रश्न विचारतात, आणि त्यातला एक दाढीवाला तरुण याच गाऱ्हाण्यावरचे गाणे गिटारवर म्हणून दाखवतो. तो विझ जोन्स. बीटल्स लिव्हरपूलबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. आज ते केस पाहिले तर त्यात चर्चा करण्याजोगे काय होते असा प्रश्न पडतो.

त्यानंतर ते पॅरिसला गेले आणि रस्त्यावर वाजवू लागले. याला बस्किंग म्हणतात. समोर टोपी किंवा गिटारची उघडी पेटी ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाकलेल्या नाण्यांवर दिवस काढायचा. त्या वर्तुळात ॲलेक्स कॅम्पबेल, क्लाइव्ह पामर, राल्फ मॅक्टेल आणि तेव्हा अगदी कोवळे असलेले रॉड स्टुअर्ट होते. युरोप आणि उत्तर आफ्रिका हिंडून जोन्स इंग्लंडला परतले आणि सँडी यांच्याशी त्यांनी संसार थाटला. १९६३ ते १९६७ या काळात बँजोवादक पीट स्टॅनली यांच्यासोबत त्यांनी ब्लूग्रास हा अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला वेगवान प्रकार वाजवला. १९६६ मध्ये दोघांचा एक अल्बमही निघाला.

या वर्षांचा एक वेगळाच परिणाम झाला. कीथ रिचर्ड्स सिडकप इथल्या कलाशाळेत शिकत असताना जोन्स तिथे डोकावत. त्यांच्याकडून आपण एक गाणे आणि फिंगरपिकिंगचा एक महत्त्वाचा तुकडा शिकलो असे रिचर्ड्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. यात शिकवणीचा तास नव्हता आणि फीही नव्हती. कुणीतरी वाजवत होते आणि कुणीतरी पाहत होते, एवढेच. राउंडहाउसमध्ये जे जोन्स यांनी घेतले, तेच ते इथे देत होते.

साठ माणसांच्या खोलीचे अर्थशास्त्र

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये शेकडो फोक क्लब, म्हणजे लोकसंगीताचे क्लब, उभे राहिले. 'क्लब' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते त्याचा इथे संबंध नाही. पबच्या वरच्या मजल्यावरची किंवा मागची एक खोली, आठवड्यातून एक संध्याकाळ, दाराशी टेबल टाकून तिकिटाचे पैसे घेणारा आणि स्वतः एक पैसाही न घेणारा संयोजक. सुरुवातीला गावातलेच हौशी गायक एकेक-दोन गाणी म्हणतात, मग पाहुणा कलावंत पाऊण तास वाजवतो, मध्यंतरात बक्षिसाची सोडत होते आणि त्यानंतर पाहुणा पुन्हा बसतो. ध्वनिवर्धक असला तर असतो. लोक ग्लास खाली ठेवतानाही आवाज होणार नाही याची काळजी घेतात. आपल्याकडच्या घरगुती बैठकीचा आणि भजनी मंडळाचा काहीसा संकर म्हटले तरी चालेल.

जोन्स यांच्या कलेसाठी याहून चांगली जागा नव्हती. अंगठ्याचा दबका ठोका, अर्ध्या गंधाराची ढकल, बोट तारेवरून निसटतानाचा किणकिणाट, हे सारे पाचव्या रांगेपर्यंत पोचते. पन्नासाव्या रांगेपर्यंत मात्र ते पोचत नाही. आता साधा हिशेब करा. खोलीत साठ माणसे मावतात, म्हणजे उत्पन्न साठ तिकिटांचे. कलावंताचे नाव कितीही झाले तरी एकसष्टाव्या माणसाला जागा नाही. उत्पन्न वाढवायचे तर कार्यक्रमांची संख्या वाढवायची, म्हणजे आज एका गावी, उद्या दीडशे मैलांवर, आणि इंग्लंडमध्ये ओहोटी लागली की जर्मनीत. जोन्स यांनी नेमके हेच केले आणि दशकानुदशके केले.

विजेच्या गिटारने हे गणित मोडले. आवाज हवा तितका वाढवता येतो म्हटल्यावर खोलीच्या जागी सभागृह आणि सभागृहाच्या जागी स्टेडियम आले. राउंडहाउसमध्ये ऐकलेल्या ब्लूजच्या पायावर रिचर्ड्स आणि क्लॅप्टन यांच्या पिढीने इमारत उभी केली ती अशी. गिटारचा मूळ आवाज जिथवर जातो तिथवरच राहायचे हा जोन्स यांचा मार्ग होता, आणि त्यात हट्टापेक्षा आवडीचा भाग मोठा असावा असे मला वाटते.

मग जान्श आणि रेनबॉर्न कसे गाजले?

हा आक्षेप रास्त आहे. बर्ट जान्श आणि जॉन रेनबॉर्न हेही अकूस्टिक गिटारवादकच, त्याच क्लबांतून वर आलेले, आणि दोघांची नावे गिटारप्रेमींच्या तोंडी असतात. जोन्स यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असलेल्या जान्श यांना तर जोन्स हे सर्वात कमी कदर झालेले गिटारवादक वाटत.

फरक मुख्यतः वेळेचा आणि रचनांचा होता. जान्श यांचा पहिला अल्बम १९६५ मध्ये आला. तो घरगुती ध्वनिमुद्रणातून निघाला होता आणि ट्रान्सॲटलांटिक कंपनीने तो एकरकमी शंभर पौंडांना घेतला. (गाजलेल्यांच्या कमाईबद्दल कुणाला हेवा वाटत असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा.) त्यात त्यांच्या स्वतःच्या रचना होत्या. अकूस्टिक गिटारचे नाव झाले तेव्हा ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात जान्श होते, थोड्याच काळात रेनबॉर्न होते आणि पुढे दोघांचा मिळून 'पेंटँगल' हा वाद्यवृंदही होता. जोन्स त्याच वेळी ब्लूग्रास वाजवत होते. त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम १९६९ मध्ये, तिसाव्या वर्षी निघाला. शिवाय आपली गाणी लिहिण्यापेक्षा ॲलन टनब्रिज या मित्राची, किंवा जुन्या ब्लूज गायकांची गाणी म्हणण्याकडे त्यांचा कल अधिक होता. १९७२ चा 'राइट नाउ' हा अल्बम रेनबॉर्न यांच्या देखरेखीखाली निघाला आणि तो मोठ्या कंपनीचा होता, पण लाट ओसरली होती. १९७५ च्या सुमारास त्यांनी 'लेझी फार्मर' हा वाद्यवृंद काढला आणि त्यात सँडी बँजो वाजवत. ते दिवस मात्र अशा संगीतासाठी आणखी कठीण होत गेले.

ढंगावर मालकी का सांगता येत नाही

आता कळीचा मुद्दा. इतके जण जोन्स यांच्याकडून शिकले, मग त्यांना त्यातून काही मिळायला नको का?

कॉपीराइट, म्हणजे आपल्या निर्मितीवरचा कायदेशीर हक्क, हा संगीतात मुख्यतः दोन गोष्टींना लागू होतो. एक म्हणजे रचना, यात शब्द आणि चाल आली. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, एखाद्या दिवशी एखाद्या ठिकाणी टिपलेला तो विशिष्ट आवाज. या दोन्हींत न बसणारी जी गोष्ट आहे, म्हणजे वाजवण्याचा ढंग, अंगठ्याची चाल, हाताचे वळण, तिला या कायद्यात जागा नाही. पाककृतीचे पुस्तक छापले तर त्यातल्या मजकुरावर लेखिकेचा हक्क असतो, पण तिच्या हातची फोडणी कशी पडते ते पाहून शेजारणीने तशीच फोडणी दिली तर कुठल्या न्यायालयात जाणार?

दोन्ही बाजू दाखवणारी उदाहरणे याच मंडळींच्या आयुष्यात सापडतात. जान्श यांनी १९६६ मध्ये एका पारंपरिक आयरिश गाण्याला गिटारची साथ बांधून ते ध्वनिमुद्रित केले. १९६९ मध्ये 'लेड झेपेलिन' या रॉक वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमवर त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला गिटारचा तुकडा आला आणि श्रेय त्यांचे गिटारवादक जिमी पेज यांना दिलेले होते. जान्श यांच्या कंपनीने वकिलांचा सल्ला घेतला, पण प्रकरण पुढे गेले नाही, कारण मूळ चाल पारंपरिक, म्हणजे कुणाच्याच मालकीची नव्हती, आणि साथीच्या मांडणीवर हक्क सिद्ध करणे खर्चिक आणि बेभरवशाचे होते.

उलट बाजूचे उदाहरण जोन्स यांचे स्वतःचे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनवर 'व्हेन आय लीव्ह बर्लिन' हे गाणे लिहिले. ३० मे २०१२ रोजी स्प्रिंगस्टीन यांनी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममधल्या मैफलीची सुरुवात याच गाण्याने केली. अशा वेळी नियमाप्रमाणे जर्मनीतली गेमा ही संस्था कार्यक्रमाच्या आयोजकांकडून रचनेचा मोबदला गोळा करते आणि तो ब्रिटनमधल्या पीआरएस या संस्थेमार्फत गीतकाराकडे येतो. आपल्याकडे हेच काम आयपीआरएस ही संस्था करते. ब्रिटिश कायद्यात हा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, म्हणजे हे गाणे २०९५ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. रिचर्ड्स यांना दिलेला तो तुकडा मात्र एक दिवसही संरक्षित नव्हता.

यात कायद्याची चूक आहे असे मला वाटत नाही. ढंगावर मालकी सांगता आली असती तर जोन्स यांना ब्रून्झींच्या वारसांना जन्मभर भाडे द्यावे लागले असते आणि ब्रून्झींना त्यांच्या आधीच्या कुणाला. मग हा अंगठा मिसिसिपीच्या बाहेरच पडला नसता. मात्र ज्याची मुख्य देणगी ढंग हीच आहे, त्याच्या हाती या व्यवस्थेत फारसे काही लागत नाही, हे मान्य करायला हवे.

हे संगीत मुळात त्यांचे होते का?

गोऱ्या ब्रिटिश मुलांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत उचलले आणि पैसा केला, हा आक्षेप ब्लूजच्या चर्चेत हमखास येतो आणि तो पोकळ नाही. अनेक जुन्या ब्लूज कलावंतांना त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे पैसे नीट मिळाले नाहीत, आणि त्यांच्या रचना वापरून इतर श्रीमंत झाले, हे खरेच आहे. पण युरोपातल्या अशाच वेडामुळे १९६२ पासून 'अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल' युरोपभर फिरू लागला. १९६४ मध्ये आलेल्या एका दौऱ्यात मडी वॉटर्स, सिस्टर रोझेटा थार्प आणि अंध गिटारवादक रेव्हरंड गॅरी डेव्हिस एकत्र होते, आणि मायदेशात जे श्रोते हरवत चालले होते ते या मंडळींना इकडे मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जोन्स यांच्यापुरते बोलायचे तर ज्या संगीतावर पैसा झाला नाही त्याबद्दल हा आरोप त्यांना फारसा चिकटत नाही.

शिवाय उसनवारी एकाच दिशेची नव्हती. जोन्स यांच्याच पिढीच्या डेव्ही ग्रॅहम यांनी मोरोक्कोतल्या वास्तव्यात गिटारचे स्वर डी-ए-डी-जी-ए-डी असे लावायला सुरुवात केली. त्यात गंधारच नाही, त्यामुळे मोकळ्या तारा छेडल्या तर तंबोऱ्याची आठवण यावी. ब्लूजच्या शेजारी राग बसवण्याचा प्रयत्न त्यांनी तेव्हापासून केला. पुढच्या पिढीतले ब्रिटिश स्लाइड गिटारवादक मायकेल मेसर यांनी तर मुंबईचे मनीष पिंगळे यांची हिंदुस्तानी पद्धतीची गिटार आणि गुरदैन रायत यांचा तबला सोबत घेऊन 'मित्र' नावाचा वाद्यवृंदच काढला. २०१६ मध्ये त्यांचा अल्बम आला. स्लाइड म्हणजे तारेवरून काचेची वा धातूची नळी घसरवत स्वर काढणे. दोन स्वरांच्या मधला जो गंधार ब्लूजला हवा असतो तो या नळीखाली आपोआप येतो, आणि मींडही येते. त्यामुळे त्या तिघांचे जमते यात फारसे आश्चर्य नाही.

ऐकायला कुठून सुरुवात करावी

'राइट नाउ' पासून सुरुवात केली तर जोन्स यांचा आवाज आणि हात दोन्ही ऐन भरात सापडतात. पण मी 'जॉइंट कंट्रोल' सुचवेन. जोन्स आणि रेनबॉर्न हे अर्धशतकाचे ओळखीचे, अखेरच्या काही वर्षांत एकत्र दौरे करू लागले आणि त्यांनी हा अल्बम हाती घेतला. मार्च २०१५ मध्ये रेनबॉर्न वारले आणि तो निघाला २०१६ मध्ये. जोन्स तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्याच सुमाराला राल्फ मॅक्टेल या पॅरिसच्या दिवसांतल्या मित्रासोबतही त्यांचा अल्बम आला.

पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे आणि सुरावटीकडे दुर्लक्ष करावे. फक्त खालचा ठोका धरावा आणि पायाने त्यासोबत चालावे. ब्लूजचे आवर्तन असेल तर बारा खंड मोजून पाहावेत. पाचव्या खंडाला साथ मध्यमावर सरकते ते कळले की पुढचे आपोआप कळते. दुसऱ्यांदा ऐकताना ठोका पायाकडे सोपवून कान वरच्या तारांकडे न्यावा. 'जॉइंट कंट्रोल'मध्ये दोन गिटार आहेत, म्हणजे दोन अंगठे आणि दोघांची बोटे. कोणता अंगठा कुणाचा हे सांगायला मला चार-पाच वेळा ऐकावे लागले, आणि एका गाण्यात अजूनही खात्री नाही.